तिकीट लॅमिनेट करण्याआधी थांबा

आपल्या ठाणे-डोंबिवलीकडच्या घरांत गोराईच्या एस्सेलवर्ल्डचं किंवा घोडबंदर रोडच्या सूरज वॉटर पार्कचं जुनं तिकीट, कीचेन, फोटो सापडतो. 1989 मध्ये सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. त्यामुळे तिकिटावरची तारीख आणि दर हा संशोधकासाठी पुरावाच!

पण तिकीट थर्मल कागदाचं असेल तर? त्यात शाई नसतेच. कागदाच्या थरात रंगहीन ल्युको डाय आणि आम्लधर्मी डेव्हलपर असतो. प्रिंटरच्या उष्णतेने ते वितळून एकत्र येतात आणि काळा रंग उमटतो. दुकानाच्या पावतीवर नख जोरात ओढून बघा, घर्षणाच्या उष्णतेनेही रेघ उमटते. म्हणूनच गरम लॅमिनेशनमध्ये अख्खं तिकीट काळं पडू शकतं. पीव्हीसीच्या पाकिटात उलट होतं: प्लास्टिसायझरमुळे अक्षरं उडतात. म्हणून आधी स्कॅन करा, मग पॉलिएस्टरच्या पाकिटात, अंधारात, थंड जागी ठेवा.

आता पद्धतीचा मुद्दा. कीचेन टिकते, तिकीट उडतं. म्हणजे फक्त उरलेल्या वस्तूंवरून 'लोक काय जपायचे' हे ठरवलं, तर नमुना एकांगी होतो. तुमच्या विषयातही काय टिकलं नाही आणि का, हे आधी विचारा.