पगार रुपयांत, कर्ज डॉलरमध्ये

पोटापाण्यासाठी माणूस घर सोडतो, तो बहुधा अधिक मोबदला मिळेल त्या दिशेने. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नेमका उलट दिशेचा प्रस्ताव चर्चेत आला. मंदीमुळे नोकरी गमावणाऱ्या अमेरिका व कॅनडातील कर्मचाऱ्यांना आयबीएमने ‘प्रोजेक्ट मॅच’ या योजनेद्वारे भारत, ब्राझील, चीन, नायजेरिया आदी देशांतील आपल्या रिक्त जागांचा पर्याय दिला. स्थलांतराच्या खर्चाला काही हातभार आणि व्हिसासाठी साहाय्य मिळणार होते. वेतन व सेवाशर्ती मात्र त्या त्या देशातल्याच राहणार होत्या. कर्मचारी संघटनेने या योजनेवर कठोर टीका केली.

‘पगार कमी, पण खर्चही कमी’ हे अशा स्थलांतराचे मुख्य समर्थन असते. ते अर्धेच खरे आहे.

घरभाडे, भाजीपाला, रिक्षा, घरकामाची मदत हे खर्च राहत्या देशाच्या चलनात होतात आणि तेथे स्वस्ताई खरोखर उपयोगी पडते. परंतु मायदेशातील घराचा हप्ता, शैक्षणिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वृद्ध पालकांची देखभाल ही देणी मूळ चलनातच राहतात. २००८ च्या प्रारंभी डॉलर सुमारे ४० रुपयांना होता. मार्च २००९ मध्ये तो ५० रुपयांच्या वर गेला. म्हणजे एक हजार डॉलरचा हप्ता फेडण्यासाठी पूर्वी ४० हजार रुपये पुरत होते, तेथे वर्षभरात ५० हजारांहून अधिक लागू लागले. पगार तोच, हप्ताही तोच. बदलला तो फक्त विनिमय दर.

कर आणि निवृत्तिवेतन

अमेरिकी नागरिकाला जगात कोठेही कमावलेल्या उत्पन्नाचे विवरणपत्र मायदेशात भरावे लागते. बारा महिन्यांत किमान ३३० दिवस परदेशात राहणाऱ्यास परदेशातील कमाई ठरावीक मर्यादेपर्यंत करातून वगळता येते. २००९ साठी ही मर्यादा ९१,४०० डॉलर होती. त्यामुळे भारतातील पगारावर अमेरिकेचा कर सहसा जाचक ठरत नाही.

खरी अडचण निवृत्तिवेतनाची. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही. भारतीय कंपनीच्या सेवेतील वर्षे अमेरिकी निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जात नाहीत. दुसरीकडे, ऑक्टोबर २००८ पासून भारताने परदेशी कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू केला. करार नसलेल्या देशांच्या नागरिकांना ही रक्कम साधारणतः वयाच्या ५८ व्या वर्षानंतरच काढता येईल, असे २०१० च्या दुरुस्तीने ठरले. जोडीदाराच्या उत्पन्नाचाही प्रश्न उरतो, कारण आश्रित म्हणून मिळालेल्या व्हिसावर भारतात नोकरी करता येत नाही.

परतणाऱ्यांचाही हिशेब

हा प्रश्न केवळ अमेरिकी नागरिकांचा नाही. एच-१बी व्हिसावरील नोकरी सुटून पुण्या-मुंबईत परतणाऱ्या मराठी अभियंत्याच्या मागे अमेरिकेतील घराचे कर्ज असेल, तर त्यालाही हीच वजाबाकी करावी लागते.

म्हणूनच निर्णयापूर्वी दोन याद्या कराव्यात, एक राहत्या देशातील खर्चाची आणि दुसरी मागे उरणाऱ्या देण्यांची. पहिली यादी लहान झाली तरी दुसरी पगारातून भागत नसेल, तर स्वस्त देशातील नोकरीही महागात पडते.