आवृत्ती सुधारली, हे कशावरून?

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ असे छापलेले दिसले, की आम्ही भाषेचे अभ्यासक थोडे सावध होतो. वाढविलेली आहे हे पाने मोजून कळते. सुधारलेली आहे हे कशावरून ठरवावयाचे? बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय प्रणालींच्याही आवृत्त्या निघतात. तेथे या प्रश्नाचे जे उत्तर शोधले गेले आहे, ते आपणही समजून घेण्याजोगे आहे.

‘डीप ब्लू’ या यंत्राची कथा सर्वपरिचित आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात कास्पारॉव्हने त्याला ४–२ असे हरविले. पुढील वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सुधारलेल्या यंत्राने कास्पारॉव्हला ३½–२½ असे नमविले. यावरून नवे यंत्र जुन्याहून सरस ठरले काय? ते सरस असेलही. पण सामना सहाच डावांचा होता. पाच डावांनंतर दोघे बरोबरीत होते आणि सहावा डाव अवघ्या १९ खेळ्यांत संपला. तो एक डाव उलटता, तर निष्कर्षही उलटला असता. शिवाय जुने यंत्र आणि नवे यंत्र समोरासमोर बसलेच नव्हते.

समोरासमोर बसविले तरी गणित सोपे नाही. खेळाडूंचे बळ ‘एलो’ गुणांकनाने मोजतात. दोघांत १०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूला शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळावेत. पण फरक १० गुणांचाच असेल, तर ५१–५२. अर्धे डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर शंभर डावांत तीन-साडेतीन गुण केवळ योगायोगानेच इकडचे तिकडे होतात. म्हणजे ५२ गुण मिळविणारी आवृत्ती खरोखर सुधारलेली की नुसती नशीबवान, हे शंभर डाव सांगू शकत नाहीत. पाच गुणांची सुधारणा खात्रीने ओळखावयाची, तर डावांची संख्या दहा हजारांच्या घरात जाते.

इतके डाव खेळवावयाचे कोणी? ‘स्टॉकफिश’ या मुक्त प्रणालीसाठी २०१३ पासून ‘फिशटेस्ट’ नावाची व्यवस्था चालते. जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ तिला देतात. कोणी एखादी दुरुस्ती सुचविली, की दुरुस्त प्रत आणि चालू प्रत यांच्यात डाव सुरू होतात. दोन्हींना वेळ सारखाच. प्रत्येक प्रारंभीची स्थिती दोनदा खेळवितात, एकदा पांढरी मोहरी एकीकडे आणि एकदा दुसरीकडे. सुरतेच्या श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नको. दोन हिऱ्यांची तुलना करणारा पारखी ते एकाच प्रकाशात शेजारी शेजारी ठेवतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थांबण्याचा नियम. आपली प्रत पुढे असताना सामना आटोपता घेण्याचा मोह कोणाला होणार नाही? म्हणून कोणत्या पुराव्यावर दुरुस्ती स्वीकारावयाची आणि कोणत्या पुराव्यावर नाकारावयाची, या दोन्ही सीमा आधीच आखतात. डाव मोजत जावयाचे आणि सीमा ओलांडली जाईल तेव्हाच थांबावयाचे. ही रीत अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिद्ध केली. बंगालमधील तागाच्या लागवडीची पाहणी करताना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी टप्प्याटप्प्याने नमुने घेतले होते; त्या कार्याला वाल्ड यांनी आपल्या १९४७ च्या ग्रंथात या पद्धतीचे पूर्वरूप म्हटले आहे. (शाळांचे अभ्यासक्रम बदलताना अशी सीमा आधी आखल्याचे माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. नवा क्रम आला, की तो चांगला असतोच!)

या कसोटीवर सुचविलेल्या बहुसंख्य दुरुस्त्या नापास होतात. त्यांत जाणत्यांना पटलेल्या कल्पनाही असतात. उलट सप्टेंबर २०२० मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीत पटावरील स्थितीचे मूल्यमापन न्यूरल जालाकडे सोपविले गेले. अकराव्या आवृत्तीशी तुलना करताना कर्त्यांनी डावांच्या जोड्या मोजल्या. नवी आवृत्ती जितक्या जोड्या गमावते, त्याच्या किमान दसपट जिंकते, असे त्यांनी जाहीर केले.

तरीही एक शंका उरते. घरच्या थोरल्याला हरविणारा धाकटा बाहेरच्या आखाड्यात तितकाच भारी पडेल असे नाही. दोन आवृत्त्यांची घडण सारखी असल्याने, एकीला दुसरीचे जे दोष साधतात ते परक्या प्रणालीत नसतात. आपसांतील सामन्यांत दिसणारा फरक इतरांविरुद्ध बहुधा आकसतो. म्हणूनच अनेक भिन्न प्रणालींना एकमेकींशी खेळवून गुणांकनाच्या स्वतंत्र याद्या तयार केल्या जातात, आणि नव्या आवृत्तीला तेथेही आपले स्थान मिळवावे लागते.