पान उलटून पाहावे लागते

द्राक्षबागेत पानावर डाग दिसला की जाणता बागायतदार आधी पान उलटतो. वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग आणि खाली नेमकी त्याच जागी पांढरी लव असेल तर तो केवडा, बागायतदारांच्या बोलीत डाऊनी. राखेसारखी पूड असेल आणि बोट फिरवताच ती पुसली जात असेल तर भुरी. हा फरक नावापुरता नाही. भुरीला गंधक चालते, केवड्याला चालत नाही, कारण केवड्याचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाहीच. ओळख चुकली तर फवारणी वाया जाते आणि ओल्या हवेत हातचे गेलेले दिवस परत येत नाहीत. म्हणून ‘फोटो काढा, रोग कळेल’ असे सांगणारी यंत्रणा किती टक्के बरोबर आहे, यापेक्षा ती कुठे बरोबर आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

या क्षेत्रातला गाजलेला आकडा २०१६चा आहे. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी ‘प्लांटव्हिलेज’ संग्रहातल्या १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर संगणकाला शिकवले आणि बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर त्याची ओळख ९९.३५ टक्के बरोबर आली. पण ही पाने झाडावरून तोडून, साध्या कागदावर एकेक मांडून टिपलेली होती. इतर ठिकाणांहून मिळवलेली छायाचित्रे त्याच संगणकाला दाखवली तेव्हा हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास उतरला, आणि संशोधकांनी तो त्याच निबंधात प्रामाणिकपणे नोंदवला. पुढे २०२२मध्ये नोयान यांनी याच संग्रहावर एक मार्मिक प्रयोग केला. पान बाजूला ठेवून प्रत्येक छायाचित्राच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ ठिपके, म्हणजे पिक्सेल, संगणकाला दिले. नुसत्या अंदाजाने जिथे ३ टक्केही उत्तरे बरोबर आली नसती, तिथे ४९ टक्के आली. एकेका रोगाची पाने एकाच बैठकीत, एकाच उजेडात टिपली गेली असली की कागदाची छटाच रोगाचे नाव फोडते. विद्यार्थ्याने धडा न वाचता प्रश्नपत्रिकेची ठेवण पाठ करावी, तसा हा प्रकार.

यावर उत्तर तयार असते: मग शेतातलीच छायाचित्रे भरपूर द्या. हे बरोबर आहे, पण पुरेसे नाही. टांझानियात कसाव्याच्या पानांवर, शेतातल्या छायाचित्रांनी शिकवलेली यंत्रणा मोबाइलवर तपासली गेली, तेव्हा ठळक लक्षणांच्या मानाने सौम्य लक्षणांवर तिचा अंदाज ढासळला. शेतकऱ्याला मदत हवी असते ती नेमकी या सौम्य अवस्थेत. पान करपून गेल्यावर रोगाचे नाव सांगायला यंत्र कशाला? शिवाय केवड्याची लागण डाग दिसण्याच्या काही दिवस आधीच झालेली असते. कपाशीची गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते. बाहेरून टिपलेल्या हिरव्यागार बोंडात कॅमेऱ्याला काय दिसणार? छाटणी कधी झाली, पाऊस कधी पडला, पान किती वेळ ओले राहिले, हे छायाचित्रात नसते आणि निदान त्यावरच बेतलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावोगावी रोगतज्ज्ञ नाही. शेतकरी पान घेऊन कृषी सेवा केंद्रात जातो आणि विकणाराच निदान करतो. त्यापेक्षा अर्धेमुर्धे यंत्र काय वाईट? वाईट नाही, मात्र त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणता आले पाहिजे. ३८ कप्पे शिकवलेल्या यंत्राला एकोणचाळिसावा रोग दाखवला, तरी ते त्याला त्या ३८पैकीच एका कप्प्यात बसवते आणि वर खात्रीचा टक्काही सांगते. दुकानदाराचा हेतू शेतकरी ओळखून असतो. आकड्याच्या वेषात आलेली चूक त्याला ओळखता येत नाही. तेव्हा यंत्राची परीक्षा ज्या तालुक्यातले एकही पान त्याने पाहिलेले नाही तिथे, लक्षणे कोवळी असताना व्हावी. आणि त्याने एका फोटोवर निकाल देऊ नये. शंका असेल तिथे छाटणीची तारीख विचारावी, डागावर बोट फिरवायला सांगावे, पान उलटून दुसरा फोटो मागावा. इतके विचारायला शिकलेले यंत्र ९९ टक्क्यांची जाहिरात न करताही बागेत ठेवण्याजोगे ठरेल.