पत्त्यांवर पोट भरते का?

पत्ते हातात दिसले की आपल्या वस्तीत आईचा आवाज चढतो. त्यात तिचे काही चुकत नाही. नाक्यावरच्या तीनपत्तीत पगाराचे पाकीट रिकामे झालेले तिने पाहिले आहे. अशा घरात 'पत्ते खेळून एक माणूस जगज्जेता झाला' असे आम्ही सांगू लागलो, तर ती म्हणेल, "मुलांच्या कानावर हे घालू नका." तरीही घालतो आहोत. कारण ही गोष्ट जुगाराची नाही आणि तिचा शेवट आईवडिलांनी व मुलांनी एकत्र बसून वाचावा असा आहे.

हा खेळ आपल्या बावन्न पत्त्यांचा नव्हे. त्याचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरूनच बांधून आणतो. साधारण साठ पत्ते, आणि काही मूळ पत्ते सोडले तर एकाच नावाचे चारांहून जास्त नाहीत. आजवर वीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते निघाले आहेत. त्यांतून कोणते साठ घ्यायचे, इथेच निम्मी लढाई असते. डाव सुरू होताना हातात सात पत्ते येतात आणि समोरच्याचे वीस गुण शून्यावर आणायचे असतात. पत्ते जमवायचे, एकमेकांत बदलायचे, म्हणून याला ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात.

मग यात नशीब नाही का? आहे. पत्ते पिसल्यावर काय हाती येईल ते कोणाच्याच हातात नसते. जगातला उत्तम खेळाडूही दहापैकी तीन-चार सामने हरतो. पण हजारो सामन्यांचा हिशेब मांडला की तीच ती माणसे वर राहतात. नशीब एक डाव जिंकून देईल. वर्षानुवर्षे वर राहायला अभ्यासच लागतो.

असा अभ्यास केलेला एक माणूस म्हणजे पाउलो व्हितोर दामो दा रोझा. हा ब्राझीलच्या दक्षिणेकडील पोर्तो आलेग्रे शहराचा. या खेळाची 'प्रो टूर' ही मोठी स्पर्धा १९९६ साली न्यूयॉर्कला सुरू झाली. तिथे कोणालाही थेट जाता येत नाही, आधी लहान स्पर्धा जिंकून पात्र व्हावे लागते. मग तीन-चारशे खेळाडूंतून शेवटच्या दिवशी फक्त आठ उरतात. या स्पर्धा बहुतेक अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये. म्हणजे ब्राझीलच्या मुलाला पहिला पत्ता उचलण्याआधी समुद्र ओलांडणे आले.

२००३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तो शाळकरी वयात उतरला. २००६ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या आठांत आला. प्रो टूर मात्र त्याने जिंकली ती २०१० साली, सान हुआन इथे. बक्षीस चाळीस हजार डॉलर. दुसरी प्रो टूर जिंकली २०१७ साली, जपानमधल्या क्योतोला. वाचकांनी हे अंतर मोजून पाहावे. पहिल्या पावलापासून पहिल्या विजयापर्यंत सात वर्षे आणि पहिल्या विजयापासून दुसऱ्यापर्यंत आणखी सात! मधल्या काळात, २०१२ साली, खेळाच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव गेले. पण मानाने घरभाडे भागत नाही.

मग तो टिकला कसा? एक म्हणजे मित्रांची फळी. स्पर्धेआधी हे खेळाडू एका घरात उतरतात, दिवसभर एकमेकांशी खेळतात, कोणता कॅट कुठे कमी पडतो ते टिपून ठेवतात. एकट्याने कोणी फार पुढे जात नाही. दुसरे म्हणजे लेखणी. पाउलोची मातृभाषा पोर्तुगीज. पण तो वर्षानुवर्षे इंग्रजीत या खेळावर लेख लिहीत राहिला. आपण का जिंकलो यापेक्षा कुठे चुकलो हे त्याने लोकांना समजावून सांगितले. बक्षीस कधीतरी मिळते, लिहिण्याचे काम मात्र नेमाने होत राहते.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने मोठी घोषणा केली. बत्तीस खेळाडूंची एक लीग. प्रत्येकाला वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलरचा करार. आपल्या पैशात सुमारे पन्नास लाख रुपये. पत्ते खेळणाऱ्याला पगार! त्या बत्तिसांत पाउलो होता. फेब्रुवारी २०२० मध्ये होनोलुलूला सोळा जणांत जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली, तीही कागदी पत्त्यांवर नव्हे, संगणकावर. अंतिम सामन्यात पोर्तुगालच्या मार्सियो कार्व्हाल्योला हरवून पाउलो जगज्जेता झाला. बक्षीस तीन लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने दोन कोटी रुपयांहून अधिक. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या सन्मानार्थ त्याचाच चेहरा असलेला पत्ता निघाला. समोरच्याचा हात बघायचा आणि त्यातला एक पत्ता त्याला महाग करून टाकायचा, असा त्या पत्त्याचा गुण.

आणि पुढच्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, कंपनीने जाहीर केले की पुढच्या हंगामानंतर लीग बंद. पगारी करार संपले. खेळाडूंचे काही चुकले होते का? नाही. जगज्जेत्याचे कसब एका महिन्यात कमी झाले होते का? तेही नाही. पत्ते कंपनीचे, नियम कंपनीचे, स्पर्धा कंपनीच्या. प्रो टूर २०२३ साली फिलाडेल्फियाला पुन्हा सुरू झाली. पण पगाराशिवाय, फक्त बक्षिसावर.

गिरणगावातून आलेल्या घरांना हे उलगडून सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर साच्यावर उभे राहणाऱ्या हातांचे कसब तेच होते. गिरणी मात्र आपली नव्हती.

आपल्याकडेही पोकेमॉनचे पत्ते मुलांच्या खिशात दिसू लागले आहेत. मूल खेळत असेल तर लगेच हात उगारू नका. हिशेब, स्मरण, हरणे पचवणे, हे त्यात शिकता येते. पण एक लक्षात ठेवा. बंद पाकिटात कोणता पत्ता निघेल हे फोडेपर्यंत कळत नाही आणि ती ओढ लॉटरीच्या तिकिटासारखीच असते. पाकिटाला पैसे किती, हे आधीच ठरवून द्या.

आणि मुलांनो, मोठेपणी यावरच जगायचे असे मनात आले, तर पाउलोचा विजय जसा पाहाल तसे त्याचे लिहिणेही पाहा. लीग गेली, करार गेला; पण त्याचा अभ्यास आणि त्याची लेखणी काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नव्हता. हातातला डाव दुसऱ्याने वाटलेला असतो. डोक्यात साठवलेले तेवढे आपले.