परिपाठातला देव

लेखमाला : शाळेच्या मैदानावरचं संविधान (भाग ९)

राहाता तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत सकाळी परिपाठाला उभं राहा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि शेवटी पसायदान. ऊन चढायच्या आत पोरं एवढं सगळं म्हणून मोकळी होतात. पुढे उभी असलेली सातवीतली मुलगी हिंदीत हुकूम सोडते, ‘प्रतिज्ञा के लिये तैयार’, की अख्खं मैदान उजवा हात समोर धरतं. ते हात खाली येतात न येतात तोच पुढचा हुकूम येतो. आता हात छातीशी जोडले जातात आणि डोळे मिटतात. मागच्या रांगेतलं एखादं पहिलीचं पोर एक डोळा उघडा ठेवून बाईंकडे बघत असतं.

पुढे धरलेला हात देशासाठी आहे, जोडलेले हात देवासाठी. कायद्याच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मैदानावर मात्र दोन्हींना हुकूम एकच, आवाज एकच आणि न ऐकणाऱ्याला छडीही एकच.

आधी प्रतिज्ञेचं बघू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना, १९६२ साली त्यांनी ती तेलुगूत लिहिली. ते वर्ष चीनशी झालेल्या युद्धाचं. १९६४ साली बंगळूरला शिक्षणविषयक केंद्रीय सल्लागार मंडळाची बैठक झाली, अध्यक्ष होते तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि एके काळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. या बैठकीत ती देशभरच्या शाळांसाठी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९६५ पासून लागू झाली. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती वर्षानुवर्षं छापली जाते, पण लेखकाचं नाव सांगणारे गुरुजी विरळाच. या प्रतिज्ञेत देश आहे, देशबांधव आहेत, परंपरा आहेत, पालक, गुरुजन आणि वडीलधारी माणसं आहेत. देव मात्र कुठेच नाही.

उद्देशिकेतही नाही. आणि तिथे तो नजरचुकीने राहिलेला नाही, चक्क मतदानाने बाहेर ठेवलेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत उद्देशिका चर्चेला आली तेव्हा ह. वि. कामत यांनी तिची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. शिब्बनलाल सक्सेना यांना देवाबरोबर गांधीजींचंही नाव हवं होतं. गोविंद मालवीयांना परमेश्वराची कृपा हवी होती. आसामचे रोहिणीकुमार चौधुरी म्हणाले, आम्ही कामरूपचे शाक्त, मग देवाबरोबर देवीचा उल्लेख नको का? पूर्णिमा बॅनर्जींनी काकुळतीने सांगितलं की देवाला मतदानाला लावण्याची वेळ सभागृहावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. पट्टम थाणू पिल्लै यांचा मुद्दा सर्वांत नेमका होता. ज्याची श्रद्धा नाही त्याच्यावर ही सक्ती होईल आणि श्रद्धेचं जे स्वातंत्र्य आपण मूलभूत हक्क म्हणून देतो आहोत त्यालाच बाधा येईल, असं त्यांचं म्हणणं. कामत मागे हटेनात. हात वर झाले : बाजूने ४१, विरोधात ६८. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते. त्यांच्यासारख्या भाविक माणसाच्या देखत हे घडलं. विरोधात हात वर करणारे सगळे नास्तिक होते असं मानायचं कारण नाही. देव्हाऱ्यातला देव राज्याच्या कागदावर आणू नये एवढंच त्यांना कळत होतं.

याच संविधानाची तिसरी अनुसूची काढून पाहा. आमदार-खासदारांच्या शपथेचे नमुने तिथे आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक कथन करा, दोन्हींची मुभा आहे. म्हणजे विधानभवनात पिकल्या केसांच्या माणसाला पर्याय आहे. पाचवीतल्या पोराला नाही.

तसा पर्याय त्यालाही आहे, फक्त त्याला कोणी सांगत नाही. संविधानाचा अनुच्छेद २८ वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हा त्याचा पहिला भाग. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना असेल, तर विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, तिथे हजर राहायला लावता येणार नाही, हा तिसरा. जिल्हा परिषदेची शाळा पहिल्यात येते. गावोगावच्या संस्थांची अनुदानित विद्यालयं तिसऱ्यात, आणि मिशनच्या शाळाही तिसऱ्यातच. नगर जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती भजनं रचली, शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला आजही मतमाउलीची यात्रा भरते. आपल्या पोराला कॉन्व्हेंटमध्ये क्रॉसची खूण करावी लागते म्हणून तावातावाने भांडणारा बाप जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वंदनेबद्दल ‘त्यात काय, संस्कार आहेत’ म्हणतो. कलम दोन्हीकडे त्याच्या पोराला आणि शेजाऱ्याच्या पोराला सारखंच लागू आहे.

‘पण आमच्या प्रार्थनेत कुठल्याच एका धर्माचा देव नाही’, असं मुख्याध्यापक सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. साने गुरुजींच्या प्रार्थनेला सांप्रदायिक म्हणायची कोणाची छाती नाही. पसायदान तर आपल्याच जिल्ह्यातलं, नेवाशाचं. कुठल्या एका देवळातला देव त्यात नाही आणि मागणं अख्ख्या जगासाठी आहे. मला स्वतःला ते शाळेत म्हटलं जावं असंच वाटतं. पण शब्द चांगले आहेत एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सांगून ठेवलं आहे.

केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, गात मात्र नसत. कुठल्याही देशाचं गीत त्यांचा पंथ गात नाही. विधानसभेत एका आमदाराने तक्रार केली, चौकशी झाली, मुलं गुणी आणि कायदा पाळणारी आहेत असा अहवाल आला, तरी जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला, त्यात कोणाच्या धर्माला दुखावणारं काही नाही असं ठरवलं आणि मुलं हरली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल फिरवला. शब्दांत आक्षेपार्ह काही आहे का, हा प्रश्नच चुकीचा होता. या मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि त्यांना सक्तीने गायला लावणारा कायदा आहे का, एवढंच पाहायचं होतं. तसा कायदा नाही. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा कायदा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो. गप्प उभं राहणाऱ्याला नाही. उभं राहणं हाच आदर, असं न्यायालयाने मानलं. बिजो इमॅन्युएल खटला तो हाच.

आपल्या शेजारच्या नाशिकचं प्रकरण याहून जवळचं. तिथल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेला इतरांबरोबर उभे राहत, पण हात जोडत नसत. हा बेशिस्तपणा धरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. हात जोडायला भाग पाडणं म्हणजे मूलभूत हक्कांवर घाला, असं त्यांनी म्हटलं. नोकरीतल्या शिक्षकालासुद्धा त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, मग आठ वर्षांच्या पोराने काय करायचं?

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. तिथली शालेय प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने लिहिली, आणि धर्मोपदेशक असूनही देव बाहेर ठेवून लिहिली. कम्युनिस्टांहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी १४ जून १९५४ रोजी तिच्यात देव घालण्यात आला. आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपती बसवणाऱ्या मराठी घरातली मुलंही ती तशीच म्हणतात. पण तिथे न म्हणण्याचा हक्क १९४३ पासून न्यायालयाने पक्का केलेला आहे, म्हणून भांडण शब्दांचं उरतं. आपल्याकडे शब्द स्वच्छ आहेत. घोळ हुकमाचा आहे.

वंदे मातरम् चा वाद याच दृष्टीने पाहावा असं मला वाटतं. पहिल्या दोन कडव्यांत भूमीचं वर्णन आहे, पुढे दुर्गेचं नाव येतं. म्हणून १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन पहिली दोनच कडवी सभांसाठी ठेवली. आमच्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी याच गीताला समूहाने म्हणता येईल अशी चाल लावून ती घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली होती. गीताचं दीडशेवं वर्ष आलं तेव्हा, २०२५ साली, आपल्या शालेय शिक्षण विभागाने आठवडाभर ते संपूर्ण म्हणायला सांगितलं आणि वाद पुन्हा पेटला. ज्याला पूर्ण गायचं त्याने जरूर गावं. शाळेने सगळ्यांना एकत्र म्हणायला लावायचं असेल, तर १९३७ ची तोड आजही शहाणपणाची आहे.

प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण का, याचं अंतिम उत्तर अजून यायचं आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेवर जबलपूरच्या एका वकिलाने याचिका केली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवायचं ठरलं. त्या निकालाची वाट पाहत बसायचं मात्र काही कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत एवढाच विषय मांडा : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका एका भागात; मग विश्राम; आणि प्रार्थनेच्या आधी ‘ज्याला म्हणायची त्याने म्हणावी, बाकीच्यांनी शांत उभं राहावं’ हे एक वाक्य मराठीत, बाईंच्या तोंडून. त्याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. ठराव लिहून घ्या आणि दर्शनी फलकावर लावा.

(पुढच्या भागात : शाळेतली सरस्वतीपूजा आणि सावित्रीबाईंची तसबीर)