दगड तोच, काम नवे

चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सासनकाठ्या नाचतात, खोबरे उधळले जाते आणि 'चांगभलं'च्या गजराने वाडी रत्नागिरी दुमदुमते. त्या गर्दीत देवळाच्या भिंतींकडे कुणाचे लक्ष असणार? पण एखाद्या साध्या दिवशी जावे आणि तिथल्या काळ्या दगडावरून हात फिरवून बघावा. केदारनाथाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांचे, १८०८ सालचे. ते खांबांच्या आधाराशिवाय उभे आहे. ज्या कामासाठी ही देवळे बांधली, तेच काम ती आजही करीत आहेत. म्हणून त्यांचे जतन कोणी करावे, हा प्रश्न भक्तांना फारसा पडला नाही.

पण काम संपलेल्या इमारतीचे काय? त्याचे उत्तर शोधायला डोंगर उतरून कोल्हापुरात यावे.

भाऊसिंगजी रस्त्यावर, बागेच्या मधोमध टाऊन हॉल उभा आहे. १८७० साली छत्रपती राजाराम महाराजांचे इटलीत फ्लॉरेन्सला निधन झाले. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अज्ञान होते आणि कारभारावर इंग्रजांची देखरेख होती. त्याच काळात, १८७२ ते १८७६ मध्ये, हा हॉल बांधला गेला. आराखडा चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअरचा. टोकदार कमानी, उतरती छपरे, दोन मनोरे; व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात आवडू लागलेली ही गॉथिक धाटणी सह्याद्रीच्या कुशीत येऊन बसली. पुढे १८८४ साली पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यात याच मँटने भारतीय घडणीचे नमुनेही मिसळले. टाऊन हॉल मात्र विलायती चेहऱ्याचाच राहिला.

हॉल बांधला तो सभा-समारंभांसाठी. काळ बदलला आणि त्या कामाची गरज ओसरली. दरम्यान १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजने शहरालगतच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन केले. सातवाहनकालीन नगराचे अवशेष सापडले. ब्रह्मपुरीतूनच मिळालेली ग्रीक सागरदेवता पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्तीही कोल्हापूरच्या ठेव्यात आहे. या ठेव्याला घर हवे होते. १९४६ साली वस्तुसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे टाऊन हॉलच त्याचे घर झाले. सभेची जागा इतिहासाची खोली झाली. आज तिथे आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रेही आहेत.

मुंबईच्या फोर्टमध्येही जुन्या इमारतींत कचेऱ्या थाटल्या गेल्या. उंच दालनाचे दोन मजले केले जातात, खोटे छत बसते, कमानीच्या डोक्यावर वातानुकूलन यंत्र लटकते. वाचली म्हणायची ती इमारत, पण ओळखायची कशी? टाऊन हॉलचे नशीब बरे, कारण त्याच्या मोठ्या दालनाला मोठे दालनच राहू देणारे काम मिळाले.

जुन्या इमारतीला नवे काम देताना एक पथ्य पाळावे लागते: उद्या काढता येईल असाच फरक करावा. लाकडी फळ्यांची भिंत उभी केली तर पुढच्या पिढीला ती हलवता येते. कमान फोडली तर ती परत जुळत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते आणि हळूहळू भिंत पोखरते. दुरुस्तीच्या नावाखाली झालेले असे उपकार इमारतीला महागात पडतात.

टाऊन हॉलसमोरचे मँटच्याच काळातले दगडी रुग्णालय आजही रुग्णालयच आहे. एक इमारत आपले जुने काम करते, दुसरी नवे. दोघी जगल्या, कारण माणसांची ये-जा थांबली नाही.

पुढच्या वेळी जोतिबाला जाल तेव्हा परतीच्या वाटेवर तासभर टाऊन हॉलला द्या. मुलांना सोबत न्या. दगडाला वय असते. पण त्याचा उंबरठा माणसांनी झिजत राहावा, एवढेच त्याचे मागणे असते.