हात बघा!

भाताची खाचरं मोकळी झाली, यात्रा सुरू झाल्या की भोर-वेल्ह्यात कबड्डीची मैदानं आखली जातात. संपादकांनी तेवढंच बघायला पाठवलं होतं. राजगडाच्या पायथ्याच्या एका गावात सामना रंगला होता आणि माझी नजर, सगळ्यांसारखीच, चढाई करणाऱ्यावर. शेजारी उभे असलेले गावचे जुने खेळाडू म्हणाले, "त्याच्याकडं काय बघताय? हात बघा हात."

हात म्हणजे बचावाची साखळी. कोपऱ्यातला पोरगा आणि त्याच्या लगतचा भिडू बोटांत बोटं अडकवून मागंपुढं सरकत होते. कोपऱ्यातल्यानं घोट्यावर झेप घ्यायची ठरवली की बोटं सुटतात आणि त्याच क्षणी शेजाऱ्यानं अंगावर जायचं असतं. अर्धा श्वास उशीर झाला की घोटा निसटतो आणि झेप घेणारा बाद. आता जाऊ की नको, हे बोटांच्या दाबावरच ठरतं. बोलायला वेळ कुठला?

१९२३ साली बडोद्याला नियमांची घडी बसली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला खेळ दाखवला, वगैरे इतिहास पुस्तकांत आहे. मला अडकवलं ते एका नियमानं. बाद झालेला खेळाडू आपल्या बळावर परत येऊ शकत नाही. सोबत्यांनी गडी टिपला की आपला एक जण आत येतो, तोही बाद झालेल्या क्रमानं. संघातला सर्वांत महागडा गडी बाकावर चुळबुळत बसतो आणि त्याला जिवंत करायचं काम कालच्या पोराकडे येतं.

या भागातल्या पोरांच्या तोंडी असते ती पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन मोसमांत हा संघ तळाला होता. मग युवा पलटण या आपल्याच तरुणांच्या संघातून पोरं घडवायला सुरुवात झाली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत तिथलेच. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामना जयपूरकडून हरला, पण प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पुढच्याच मोसमात हा संघ साखळी फेरीच्या २२ सामन्यांत फक्त दोन हरला. गंमत म्हणजे चढाईत गुणांचा डोंगर रचला तो दिल्लीच्या आशू मलिकनं आणि जयपूरच्या अर्जुन देशवालनं. पलटणच्या चढाया अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात वाटलेल्या. एकाला जखडलं तर दुसरा उभा.

त्या मोसमातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट शादलूची. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊत आशियाई सुवर्णपदकासाठी भारत-इराण सामना वादामुळे खोळंबला होता. अस्लम आणि आकाश भारताकडून, मोहम्मदरेझा शादलू इराणकडून. दोन-तीन दिवसांतच लिलावात पलटणनं शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो त्या मोसमातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र मध्यांतराआधी एका चढाईत चार गुण आणले पंकजनं. पलटण २८-२५ नं जिंकली.

अशी घडी टिकवणं लिलावाच्या हिशेबात बसत नाही. शादलू पुढच्याच मोसमात हरियाणाकडे गेला आणि हरियाणानं विजेतेपद पटकावलं. अस्लमचा गुडघा दुखावला, पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा अंतिम सामन्यात होती, दिल्लीकडून ३१-२८ नं हरली. दिल्लीच्या बचावात होता फाझल अत्राचली, २०२२ च्या मोसमातला पलटणचाच कप्तान. ज्यानं तुमच्यासोबत साखळी धरली, त्याला तुमच्या खोडी माहीत असणारच. खेळाडू फिरते राहिले की लीग चुरशीची होते, हे मान्य. पण एका बोटाचं दुसऱ्या बोटाशी जमायला जे दिवस जातात, त्यांची किंमत लिलावात कोण लावतो?

इकडे गावात लिलावाचं काम कारखान्यांच्या पाळ्या करतात. शिरवळला कामाला जाणाऱ्यांपैकी कुणाची रात्रपाळी, कुणाची सकाळची. काही तर पुण्याला खोली करून राहिलेले. संध्याकाळी सात जण जमले तर नशीब. ते जुने खेळाडू आता प्रत्येक पोराला दोन्ही कोपरे शिकवतात. "तालमीला आलेला गडी सामन्याला येईलच असं नाही," ते म्हणाले, "मग जोडी कुणाशी लावायची?"